खाडीत सोडू तरी काय? खाऱ्या पाण्यातल्या शेतीवर वाचकांचे प्रश्न

खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीबद्दल काहीही विचारा असं आम्ही म्हटलं आणि पत्रं, मेसेज भरपूर आले, पण फिरून फिरून सगळ्यांचा प्रश्न एकच निघाला, आमच्याकडे पाणी आहे, त्यात टाकू काय? त्यातले काही निवडून उत्तरं देतोय. कर्ज किती मिळेल, सबसिडी कधी जमा होईल असले प्रश्न बाजूला ठेवलेत, ते तुमच्या जिल्ह्याच्या मत्स्यविकास कार्यालयात विचारा, नियम सारखे बदलतात.

प्रश्न : आमची एक एकर खार जमीन आहे, बांध फुटून खारं पाणी शिरल्यापासून भात होत नाही म्हणून तळं केलं. मेव्हणे म्हणतात वन्नामेई टाक, चार महिन्यात पैसे. वडील म्हणतात जिताडा, आजोबांपासून आपण तोच पाळतो. दोघांचं ऐकून डोकं फिरलंय. काय करू? (एक वाचक, अलिबाग तालुका)

दादा, मेव्हण्यांशी भांडण नको, पण माझं मत वडिलांच्या बाजूचं. आता का ते सांगतो.

वन्नामेई वाईट नाही. ही कोळंबी मूळची मेक्सिको ते पेरू या पट्ट्यातली, पॅसिफिक किनाऱ्याची, आपल्या देशात तिला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आज आपण परदेशात जी कोळंबी पाठवतो त्यात बहुतेक हीच असते. शंभर-सव्वाशे दिवसात वीस-पंचवीस ग्रॅमची होते हेही खरं. पण ती एक एकराचा, एका बाजूने गावच्या खाडीला उघडणारा मातीचा पाँड बघून बनवलेली सिस्टीम नाहीये हो. तिला पाण्यात हवा मिसळणारे एरिएटर लागतात, रात्री लाईट गेली तर जनरेटर लागतो, पक्षी-खेकडे आत येऊ नयेत म्हणून जाळी लागते, पाणी आत घेताना ट्रीट करायला वेगळं तळं लागतं, आणि कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीची नोंदणी तर लागतेच लागते. सीड, म्हणजे पिल्लं, विकणारा सांगतो की "एसपीएफ आहे, रोग येणारच नाही." साफ चूक. एसपीएफ म्हणजे ठराविक रोगांचे जंतू त्या सीडमध्ये नाहीत, एवढंच. उद्या शेजारच्या पाँडवाल्याने व्हाईट स्पॉट झालेलं पाणी खाडीत सोडलं आणि तुम्ही भरतीला तेच आत घेतलं तर तुमचं एसपीएफ सीडही तसंच मरणार. १९९४-९५ला याच रोगाने आपल्या देशातली टायगर कोळंबीची शेती झोपवली होती, तेव्हा ज्यांनी दागिने गहाण टाकून पाँड केले त्यांना विचारा.

आता जिताडा. गोव्यात चोणक म्हणतात तोच. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून पार गोड्या पाण्यापर्यंत सगळीकडे जगतो, म्हणजे जुलैत तुमच्या तळ्याचं पाणी गोडं झालं आणि एप्रिलमध्ये पुन्हा खारट झालं तरी तो मरत नाही. कोकणातल्या तळ्यासाठी मी हा गुण सगळ्यात वर ठेवतो, वाढीचा वेग त्यानंतर.

पण वडील ज्या पद्धतीने करायचे, म्हणजे पावसाळ्यात खाडीतून, भाताच्या खाचरातून पिल्लं धरायची, तळ्यात सोडायची आणि विसरून जायचं, त्यात दहा टाकले तर दोन मिळतात. कारण जिताडा आपल्याच भावंडांना खातो. स्वतःच्या लांबीच्या दोन तृतीयांश एवढं पिल्लू तो सरळ गिळतो, म्हणजे तीन इंची पोर दोन इंची पोराला खाऊन टाकतं, आणि तुम्ही म्हणता मासे चोरीला गेले. म्हणून हॅचरीचं सीड घ्या, एक-दीड इंचाचं आलं की आधी तळ्यात हापे, म्हणजे बारीक जाळीचे पिंजरे, बांधून त्यात ठेवा, आणि दर चार-पाच दिवसांनी हापा उचलून मोठे एकीकडे, मधले एकीकडे, बारके एकीकडे असं करत बसा. कंटाळवाणं काम आहे. सकाळी उन्हं चढायच्या आत करायचं, हात ओले ठेवून, कोरड्या हाताने धरलं की खवलं निघतात आणि तिथून बुरशी धरते. चार इंचाच्या पुढे गेले की तळ्यात मोकळे सोडा.

सीड महाग का, हा पुढचा प्रश्न येणारच. जिताडा आधी नर असतो आणि तीन-चार वर्षांचा, चांगला काही किलोंचा झाला की मादी होतो. म्हणजे अंडी हवी असतील तर हॅचरीवाल्याला ते धूड वर्षानुवर्षं पोसावं लागतं. चेन्नईच्या सिबाने, म्हणजे निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने, १९९७ मध्ये बंदिस्त जागेत जिताड्याची पैदास जमवली, त्यानंतर आपल्याकडे हॅचरीचं सीड मिळायला लागलं. फीडही महाग, कारण मांसाहारी मासा, चाळीस टक्क्यांच्या वर प्रोटीनचं तरंगणारं फीड लागतं. हे सगळं धरून हिशोब करा. आणि विक्री आत्ताच ठरवा. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, बाजारात ताजा मासा कमी, त्यात गटारी येते, तेव्हा किलो-सव्वा किलोचा जिवंत जिताडा अलिबाग-पेणमध्ये कोण सोडेल? तोच मासा श्रावणात काढलात तर घरीच खायची वेळ येईल.

एक राहिलं. तुमचा बांध एकदा फुटलाय, पुन्हा फुटेल. उधाणाची भरती आणि वरून पाऊस एकत्र आले की खारबांध कुणाचं ऐकत नाही. फुटला आणि जिताडा खाडीत गेला तर तुमचे पैसे गेले, खाडीचं मात्र फार काही बिघडत नाही, तो तिथलाच. परक्या जातीबद्दल ही गॅरंटी मला देता येत नाही.

प्रश्न : आमचा बारा जणींचा बचत गट आहे. कालवं (ऑयस्टर) करावी की शिनाणे (मसल, दोरीवर वाढणारे शिंपले) यावर गटात दोन पार्ट्या पडल्यात. खाडीत नदी येऊन मिळते. (एक ताई, वेंगुर्ला)

ताई, नदी मिळते म्हणालात तिथेच अर्धं उत्तर आलं. शिनाण्यांना खारट पाणी लागतं, साधारण २५-३० पीपीटीच्या (लिटरभर पाण्यात तितके ग्रॅम मीठ) वर त्यांना बरं वाटतं. पावसाळ्यात नदीचं पाणी आलं की मरतात. म्हणून केरळात कासरगोडकडे बायकांच्या गटांनी हे काम केलं ते पावसाळा सोडून केलं, पाऊस संपल्यावर दोऱ्या टाकायच्या आणि मे संपायच्या आत काढून विकायच्या. तुम्हालाही तसंच करावं लागेल. बीज खडकावरून आणावं लागतं, आणि इथे एक सांगतो, अख्खा खडक खरवडून आणू नका, पुढच्या वर्षी तिथे काही उरणार नाही आणि जे लोक खडकावरचे शिनाणे काढून पोट भरतात ते तुमच्या दोऱ्या कापतील, आणि त्यांचं चुकणारही नाही.

दोरी भरायची पद्धत बघण्यासारखी आहे. जाड नायलॉनची दोरी, तिच्याभोवती बारीक शिनाणे लावायचे, वरून मच्छरदाणीसारखं सुती कापड गुंडाळून शिवायचं. पाण्यात ते कापड काही दिवसात कुजून जातं, तोवर प्रत्येक शिनाणा आपले बारीक काळसर धागे काढून दोरीला घट्ट धरतो. म्हणून कापड सुतीच पाहिजे, नायलॉनचं घेतलंत तर ते सुटतच नाही आणि आतले गुदमरतात.

कालवं जास्त चिवट. पाणी गोडं झालं की शिंपला गच्च बंद करून काही दिवस काढतात. आणि त्यांचं बीज विकत घ्यावं लागत नाही, जुने शिंपले तारेत ओवून माळा करा आणि पाऊस संपून पाणी पुन्हा खारट झालं की बांबूच्या मांडवाला टांगा, आजूबाजूला कालवं असतील तर पिल्लं येऊन बसतात. पण कधी टांगायच्या हे गावातल्या कालवं काढणाऱ्या म्हाताऱ्या बाईला विचारा, माळा फार लवकर टाकल्या तर त्यावर कालवाच्या आधी बार्नेकलं (कवचाचे चिकटे जीव) आणि शेवाळ येऊन बसतं. दुसरं, कालवाचं वजन सगळं कवचाचं. शंभर किलो काढलीत तर आत मांस आठ-दहा किलो. बारा जणींनी शंभर किलो उचलायचं, फोडायचं, हात कापून घ्यायचे आणि आठ किलो विकायचं, हा हिशोब गटात आधी मांडा म्हणजे नंतर रुसवेफुगवे नकोत.

माझी निवड विचाराल तर पहिल्या वर्षी कालवंच. शिनाणे करायचेच असतील तर चार-पाच दोऱ्या खाडीच्या तोंडाजवळ लावून बघा. आणि दोन्हींसाठी, गावचं गटार जिथे खाडीत पडतं तिथून लांब जा. हे प्राणी पाणी गाळून खातात, पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात साठतं. काढल्यावर एक दिवस स्वच्छ, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवले की पोटातली घाण आणि बरेचसे जंतू जातात, पण शिसं-पारा असलं काही असेल तर ते असं जात नाही.

प्रश्न : तिलापिया टाकला तर चालेल का? वाढतो पटापट, खायलाही काही लागत नाही. (पालघर)

तुमच्या पाँडमध्ये वाढेल, खाडीतही वाढेल, शेजाऱ्याच्या पाँडमध्येही वाढेल, तोच तर प्रॉब्लेम आहे. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते त्यामुळे फार मरत नाहीत. आफ्रिकेतला मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये आपल्या देशात आणला, आज देशभर कुठल्याही तळ्यात जाळं टाका. आता जो सुधारित तिलापिया येतो त्याला शासनाची परवानगी लागते आणि एकाच लिंगाचं सीड असावं लागतं. खाडीकाठी नकोच.

प्रश्न : चिंबोरी (खाडीतला खेकडा) फॅटनिंग करायचंय. एजंट म्हणतो एकाच जातीचे असतात सगळे, रेट एकच. मला शंका येते. (रत्नागिरी)

शंका बरोबर आहे. आपल्या कांदळवनात प्रामुख्याने दोन जाती मिळतात. मोठी ती हिरवट, दोन किलोपर्यंतही जाते, दुसरी लालसर तपकिरी, तिची वाढ लवकर थांबते. रंगावर जाऊ नका, चिखलाप्रमाणे रंग बदलतो. नांगीचा पंजा ज्या सांध्याला जोडलाय त्याच्या मागचं पेर हातात धरून बाहेरच्या बाजूने बघा, मोठ्या जातीला तिथे दोन टोकदार काटे ठसठशीत दिसतात, लहान जातीला ते बोथट असतात नाहीतर एखादाच उरलेला असतो. मग डोळ्यांच्या मधली कड बघा, मोठीला उंच दाते, लहानीला चपटे, गोलसर. दोन-चार दिवस बाजारात उभं राहून बघितलंत की सवय होते, मग एजंटला सांगा टोपली इकडे ओत, मीच निवडतो.

फॅटनिंग म्हणजे नुकती कात टाकलेली, आत पाणीच पाणी असलेली चिंबोरी घ्यायची, तीन-चार आठवडे खायला घालून भरायची आणि विकायची. म्हणजे वाढवायची नाहीये, त्यामुळे दोन्ही जाती चालतात, फक्त भाव वेगळा द्या-घ्या. पिल्लापासून वाढवायची असेल तर मात्र मोठीच जात, आणि सीड हॅचरीचं. कांदळवनातून टिचभर चिंबोऱ्या गोळा करून आणून विकणारे भेटतील, घेऊ नका. देशी जात असली म्हणून सगळं पुण्य पदरात पडत नाही, जंगलातलं बी उचलून आणलं तर खाडी रिकामीच होते.

एकमेकींना खातात, कात टाकताना तर नक्कीच, म्हणून पाइपचे तुकडे, फुटकी कौलं, काहीही लपायला टाका नाहीतर एकेकीला वेगळा डबा द्या. आणि कांदळवन तोडून पाँड करायचा विचार मनातसुद्धा आणू नका, कोर्टाचे आदेश कडक आहेत, गुन्हा दाखल होतो. कांदळवन न तोडता करायचं असेल तर राज्य सरकारच्या कांदळवन कक्षाची गावाच्या समितीमार्फत योजना आहे, खेकडे, कालवं, जिताडा सगळं त्यात बसतं, ती विचारून घ्या.

प्रश्न : तुमचं लिखाण वाचतो, पण हा देशी-विदेशीचा हट्ट जरा भावनिक वाटतो. वन्नामेई येऊन पंधरा वर्षं झाली, कुठे समुद्र बुडाला? आणि टायगर कोळंबी देशी म्हणता तर तिचंही सीड आता बाहेरून येतं म्हणे. (एक वाचक, पुणे)

दुसरा मुद्दा एकदम बरोबर. टायगर आपल्या समुद्रातली, पण अलीकडे तिचं जे रोगमुक्त सीड मिळतं त्याचे आईबाप हवाई, मादागास्कर इथल्या केंद्रांतून आणलेले असतात. मग ती देशी की विदेशी? जात देशी, वाण परदेशी. जिताड्याचंही तेच, ऑस्ट्रेलियाचा बारामुंडी आणि आपला जिताडा एकच समजले जायचे, जनुकं तपासल्यावर फरक निघाले आणि २०१२ मध्ये तर श्रीलंका आणि म्यानमारकडच्या दोन जाती वेगळ्या म्हणून नोंदवल्या गेल्या. म्हणून माझा आग्रह नुसत्या जातीच्या नावाचा नाही, शक्य असेल तिथे याच किनाऱ्यावरचे आईबाप हवेत. हॅचरीवाल्याला विचारा ब्रूडस्टॉक, म्हणजे आईबाप, कुठला, उत्तर टाळलं तर समजून जा.

पहिल्या मुद्द्याचं म्हणाल तर समुद्र बुडत नाही, हळूहळू काहीतरी दिसायला लागतं. आपलीच टायगर कोळंबी घ्या. अमेरिकेत साऊथ कॅरोलिनात १९८८ मध्ये ती एका केंद्रातून चुकून सुटली, त्या वर्षी काही जाळ्यात आली, मग वर्षानुवर्षं काही नाही, सगळे विसरले, आणि २००६ पासून अटलांटिक किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात पुन्हा मिळायला लागली. ती त्याच सुटलेल्यांची वंशावळ की दुसरीकडून आली यावर तिथे वाद आहेत, पण आहे ती आहे. तिथल्या कोळ्यांसाठी आपली कोळंबी परकी. इकडे केरळात अष्टमुडीत गेल्या काही वर्षांत दक्षिण अमेरिकेतला एक शिनाण्यासारखा शिंपला इतका माजलाय की तिथल्या शिंपल्यांची जागाच खाऊन बसला, तो तर कुणी शेतीसाठी आणलाही नव्हता, जहाजांबरोबर आला असावा असं मानतात.

वन्नामेईवाल्यांनी उद्या बंद करावं असं मी म्हणत नाही, त्यावर हजारो घरं चालतात. पण सगळी अंडी एका परक्या कोळंबीच्या टोपलीत ठेवली की तिचे आईबाप परदेशातून विमानाने येईपर्यंत सगळे ताटकळत. सिबाने २०२२ मध्ये आपल्या भारतीय पांढऱ्या कोळंबीवर निवड पद्धतीने वाण सुधारायचं काम सरकारी पैशावर सुरू केलं ते याच काळजीतून. वन्नामेईच्या मागे कित्येक पिढ्यांची निवड आहे, आपल्या कोळंबीला तेवढी संधीच मिळाली नव्हती, मग ती कमी वाढते म्हणून नाक मुरडण्यात काय अर्थ.

प्रश्न : आमचं छोटं खाजन (बांध घातलेली खाडीकाठची जमीन) आहे, मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) भरतीबरोबर जे येतं ते धरतो. फीडचा खर्च परवडत नाही. सुधारणा काय करता येईल? (गोवा)

तुमच्याकडे जे आपोआप येतं त्यातच उत्तर आहे. शेवटो, म्हणजे आमच्याकडची बोय, आणि कालुंदर, हे दोन मासे. दोघांना मासळीचा कुटा लागत नाही, शेवाळ, कुजकं, तळाचा गाळ यावर भागतं, वर थोडी पेंड-कोंडा टाकलात तरी पुरे. कालुंदर तर तळ्यातच अंडी घालतो, नर-मादी दोघं मिळून राखण करतात, त्याला फक्त अंडी चिकटवायला काहीतरी हवं, बांबू, माडाची झावळी, दगड. वाढ हळू, दीडशे-दोनशे ग्रॅमला वर्ष धरा, पण गोव्यात ताटात अख्खा तळून वाढायला तेवढाच लागतो. फक्त पाणी आत घेताना मानशीला जाळी लावा म्हणजे मोठा चोणक आत येणार नाही, तो आला तर बाकीच्यांचं काही खरं नाही. मुद्दाम चोणक ठेवायचाच असेल तर वेगळ्या कप्प्यात.

प्रश्न : दर वेळी खारटपणा मोजा म्हणता. कसा मोजायचा? जिभेवर? (रोहा)

जिभेवर नको हो, त्या पाण्यात काय काय असतं. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, ० ते १०० पीपीटीचा घ्या. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्यावर सेट करायचा, पुसायचा, मग खाडीच्या पाण्याचा थेंब. वरचं पाणी एकट्याचं मोजू नका, पावसाळ्यात गोडं पाणी वर तरंगतं आणि खारट खाली असतं, वर ५ आणि खाली १८ असंही निघतं. तळाचं पाणी काढायला झाकण ढिलं लावलेली बाटली, तिला एक दगड, झाकणाला वेगळी सुतळी, तळाशी गेली की झटका द्यायचा, झाकण निघतं, भरली की वर ओढायची. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि मधल्या भांगालाही, म्हणजे भरती कमी असते तेव्हा, आणि जुलै-ऑगस्टचे आकडे चुकवू नका. ते वहीत तारीख घालून लिहा आणि सीडची ऑर्डर त्यानंतर द्या.